ये-जा

"आणि घरावर दुसऱ्या कुणाचा हक्क?" वकील जानकीरामांनी विचारलं. "राहण्याचा, पाण्याचा, वाटेचा? कुणाची नेमाची ये-जा?"

"कुणाची नाही," कृष्णमूर्ती म्हणाले.

मीनाक्षीबाई दाराआड विड्याचं तबक घेऊन उभ्या होत्या. तबकातला अडकित्ता घसरून काठाला लागला. बाहेर ओसरीवर तिघे जण बसले होते. वकील, त्यांच्या शेजारी मीनाक्षीबाईंचे यजमान कृष्णमूर्ती, आणि समोर घर घ्यायला आलेले स्वामीनाथ. आडुतुरैचे राहणारे, कुंभकोणात शाळामास्तर म्हणून नुकतेच लागलेले, अजून तिशीसुद्धा न गाठलेले. बोलणं सगळं तमिळमध्ये चाललं होतं, कारण या घरात बोलतात ती मराठी बाहेरून आलेल्या दोघांना येत नव्हती. वकील स्वामीनाथांना समजावून सांगत होते, की बाबा रे, घर घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घर बघायचं, पण जे नुसतं बघून कळण्यासारखं नाही आणि विकणाऱ्याला ठाऊक आहे, ते विकणाऱ्यानं आपणहून सांगायचं असतं. हे आता कायद्यातच आहे. झाकून ठेवलं आणि मागून निघालं तर ती फसवणूक धरतात. म्हणून मी दोघांना समोरासमोर बसवूनच विचारतो. कृष्णमूर्तींनी मागच्या तुळईला वाळवी लागली होती ते सांगितलं. विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ होतं ते सांगितलं. दोन वर्षांमागे कावेरीला मोठा पूर आला तेव्हा परसातली भिंत बसली आणि ती नव्यानं उभी केली, हेही सांगितलं. असलं काही दडवून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. आणि कुणाची नाही असं त्यांनी म्हटलं तेही दडवून ठेवण्यासाठी म्हटलं नव्हतं, हे मीनाक्षीबाईंना कळत होतं. वळचणीला चिमणी येते ती कुणी ये-जा म्हणून धरत नाही. त्यांच्या लेखी ओसरीवर येऊन टेकणारे म्हातारे अप्पाजी तसेच होते. पण मीनाक्षीबाईंना ते तबक घेऊन उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवेना. शेवटी कृष्णमूर्तींनीच हात मागं करून चाचपडत तबक घेतलं. एक डोळा गेल्यापासून ते सगळ्याच गोष्टी अशा चाचपडून घेत. दुसऱ्याचाही भरवसा नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, मद्रासच्या डोळ्यांच्या इस्पितळात जाऊन राहा, उशीर करू नका. मुलगा व्यंकटेश मद्रासला होता, पण एका खोलीत. हे घर गेल्याशिवाय तिकडे दुसरं काही होणार नव्हतं, आणि आधी बघून गेलेले दोघे वाळवीचं नाव काढताच फिरले होते.

त्या दुपारी अप्पाजी नेहमीसारखे आले. चौकातलं ऊन भिंतीवर चढलं, की दाराची कडी न वाजवता ते आत येत. ओसरीवर असेतो वाटेवरच्या माणसांशी तमिळ बोलत, कुणी वाट पुसली तर कुंभेश्वराच्या देवळाकडे बोट दाखवीत. पण उंबरा ओलांडला की त्यांची चाल बदले. पाठ सैल पडे, पायाखालचं न बघता ते नेमके चौकातल्या हंड्याशी जात, वाकून पायांवर पाणी घेत आणि आपल्या घरच्या मराठीत हाक मारीत, "भवानी, अगे, पंचा कोठे ठेवलास?" आज ती हाक ऐकताना मीनाक्षीबाईंनी पहिल्यांदाच ती वकिलांच्या कानांनी ऐकली. कुणाची नेमाची ये-जा? मग त्यांनी रोजच्यासारखं म्हटलं, "आले, बाबा." पंचा दिला, ताक दिलं. अप्पाजींनी भांडं उंच धरून, ओठांना न लावता ताक पोटात सोडलं आणि म्हणाले, "आई कोठे गेली?" "देवळात." "उन्हाची?" "येईल इतक्यात." मग ते खांबाला टेकून डोळे मिटून बसले, आणि मीनाक्षीबाई समोर तांदूळ निवडत बसल्या. त्यांच्या बोटांना खडा लागत होता, पण दिसत नव्हता.

हे घर मूळचं अप्पाजींचंच. त्यांचे वाडवडील तंजावरच्या दरबारी चाकरीला होते. दरबार मोडल्यावर त्यांतले काही इकडे कुंभकोणात येऊन राहिले. अप्पाजींना एकच मुलगी, भवानी. ती सासरी बाळंतपणात गेली. त्याच वर्षी तिची आई याच घराच्या मधल्या खोलीत गेली, आणि अप्पाजींनी घर विकायला काढलं. कृष्णमूर्ती आणि मीनाक्षीबाई घर बघायला आले तेव्हा व्यंकटेश कडेवर होता. मीनाक्षीबाईंना ती दुपार अजून अंगावर असल्यासारखी आठवत होती. अप्पाजींनी त्या दोघांना सगळं घर फिरवून दाखवलं होतं, आणि ते दाखवणं विकणाऱ्याचं नव्हतं. पावसात कुठलं कौल गळतं ते सांगितलं. जात्याजवळच्या फटीत विंचू निघतात, तिथे पोराला खेळू देऊ नका म्हणाले. मधल्या खोलीच्या दाराशी थांबून म्हणाले, "इथे माझं कुटुंब वारलं. आपणांस ठाऊक असावं. मनास लागत असेल तर घेऊ नका." कृष्णमूर्ती बाहेर आल्यावर हसले होते. हा माणूस विकतोय का आपल्याला परत पाठवतोय, असं म्हणाले होते. मीनाक्षीबाई हसल्या नव्हत्या. त्यांचे वडील त्यांना कळायच्या आत वारले होते, आणि काकांच्या घरी कुणी त्यांना असं थांबून, सावकाशीनं काही सांगितलेलं त्यांना आठवत नव्हतं. घर घ्यायचंच, हे त्यांनी त्या खोलीच्या दारातच मनाशी ठरवलं होतं.

मग कितीतरी वर्षं अप्पाजी आले ते सणावाराला, तेही ओसरीपर्यंत. पुतण्याकडे राहत, चक्रपाणीच्या देवळामागे. आले की आत बघत नसत, रस्त्याकडे तोंड करून बसत, विडा घेऊन जात. त्यानंतर महामहाचं, बारा वर्षांनी कुंभकोणात भरणाऱ्या स्नानपर्वाचं, वर्ष आलं. गाव यात्रेकरूंनी फुगलं होतं, प्रत्येक ओसरीवर परकी गाठोडी आणि परकी माणसं, दार लावायची सोय नव्हती. मीनाक्षीबाई स्वयंपाकघरात होत्या आणि चौकातून हाक आली, "भवानी, पंचा कोठे?" त्या बाहेर आल्या तर अप्पाजी पाय धुऊन हात पुढे करून उभे. त्या म्हणाल्या, "अप्पाजी, मी मीनाक्षी. कृष्णमूर्तींच्या घरची." एवढंच म्हणाल्या होत्या. त्यात वाईट काही नव्हतं. पण अप्पाजींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग भिंतींकडे बघितलं, मग परत त्यांच्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट निघून जाताना मीनाक्षीबाईंनी उभ्याउभ्या पाहिली. मुलगी गेली, बायको गेली, घर गेलं. हे सगळं त्या माणसाला त्या क्षणी नव्यानं कळलं, आणि ते कळवलं मीनाक्षीबाईंनी. अप्पाजी तिथेच ओल्या फरशीवर बसले. ओसरीवरच्या कुणा दोन यात्रेकरूंनी त्यांना उचलून घरी पोचवलं. पुढे काही महिने ते आले नाहीत. पुन्हा आले तेव्हा हडकले होते, बोटांची नखं तुटलेली होती. कुठे पडले असतील, असं मीनाक्षीबाईंना वाटलं. अप्पाजींनी तशीच हाक मारली, आणि मीनाक्षीबाईंच्या तोंडून, विचार करायच्या आधी, निघून गेलं, "आले, बाबा."

एकदा ओ दिल्यावर ती परत कशी घ्यायची? दुसऱ्या दिवशी ते आले, तिसऱ्या दिवशी आले. पहिल्यांदा मीनाक्षीबाईंना भीती वाटे, की आपण मेलेल्या मुलीच्या नावाला ओ देतो, हे बरं नव्हे. घरात काही वाईटसाईट घडलं, व्यंकटेशला ताप आला, की त्यांना तेच आठवे. पण दुपार झाली की कान दाराशी जात. कृष्णमूर्ती दिवसभर कापडाच्या पेढीवर असत. दुपारी घरात दुसरं कुणी नसे. अप्पाजी तिला पोरी म्हणत. डोक्यावरून पदर पडला तर रागवत. एकदा तिच्या हाताला भाजलेलं बघून तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसले, फुंकर घालत. तेव्हा मीनाक्षीबाईंचे केस पिकायला लागले होते. बायको म्हणून, आई म्हणून, सून म्हणून त्यांना बोलावणारे सगळे होते. मुलगी म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. पुढे पुढे अप्पाजींची वेळ झाली, की त्या केस विंचरून घेत, आणि मग आरशासमोर स्वतःचीच लाज वाटून केस पुन्हा विस्कटत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पाजी अधूनमधून येऊन टेकतात, एवढंच कृष्णमूर्तींना माहीत. ते घरी यायच्या वेळेपर्यंत अप्पाजी गेलेले असत, आणि क्वचित कधी गाठ पडलीच, तर अप्पाजी ओसरीवर, म्हणजे तमिळमध्ये, म्हणजे शहाणे.

वकिलांच्या प्रश्नानं हे सगळं एका ठिकाणी आणून ठेवलं. जे नुसतं बघून कळण्यासारखं नाही आणि विकणाऱ्याला ठाऊक आहे. स्वामीनाथ सकाळी येत, शाळेच्या आधी. सकाळी या घरात काहीच दिसत नसे. मीनाक्षीबाई पाटा धुताना, वाती वळताना, मनाशी पुढचं बघत राहत. आपण मद्रासला. दुपार झाली. दार ढकलून एक म्हातारा आत शिरतो. स्वामीनाथांची बायको एकटी आहे. ती ओरडते. शेजारचे धावतात, चोर म्हणून धरतात, कुणी हात उगारतो. किंवा कुणी हात उगारत नाही, ती नुसती विचारते, तुम्ही कोण, आणि अप्पाजी तिच्या तोंडाकडे बघतात, मग भिंतींकडे बघतात. हे दुसरंच मीनाक्षीबाईंना जास्त भयंकर वाटे. तिथे येऊन त्यांच्या हातातली वात थांबे.

दिवेलागणीला त्यांनी कृष्णमूर्तींना सांगितलं. "अप्पाजींचं त्यांना सांगायला हवं."

"कुणाला?"

"मास्तरांना. वकिलांनी विचारलं होतं ना, ये-जा कुणाची म्हणून."

"ती ये-जा म्हणजे हक्काची," कृष्णमूर्ती म्हणाले. "म्हातारा ओसरीवर टेकतो, त्याचं काय सांगायचं? उद्या म्हणशील भिकाऱ्याचं सांगा, कावळ्यांचं सांगा."

"ओसरीवर नाही. आत येतात. पाय धुतात. मला भवानी म्हणून हाक मारतात."

कृष्णमूर्ती निरांजनाकडे तोंड करून होते, ज्योत आपल्याला दिसते का हे ते रोज असं बघत. तसेच म्हणाले, "मग तू काय करतेस?"

"ओ देते."

"कधीपासून?"

"महामहापासून."

 मग ते म्हणाले, "मला वाटायचं दुपारचं तुला करमत नसेल." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "हे बघ, मला हल्ली तुझं तोंड धुरातून दिसल्यासारखं दिसतं. दोन माणसं फिरली, हा तिसरा. याला सांगितलंस की घरात एक खुळा रोज घुसतो आणि घरच्या बाईनं त्याची मेलेली पोर व्हायचं असतं, तर तो घेईल? तू घेतलं असतंस?" मीनाक्षीबाई म्हणाल्या, "नाही कळत." ते खरं होतं. "मग सांगू नको," कृष्णमूर्ती म्हणाले. त्यांनी हुकूम केला नव्हता, ते घाबरले होते, आणि म्हणूनच मीनाक्षीबाईंना त्यांच्याविरुद्ध जाता येईना. त्या माणसाचा डोळा एका तागडीत, आणि दुसऱ्या तागडीत काय? एक भांडं ताक.

अप्पाजींच्या पुतण्यालाच काही सुचतं का बघावं, म्हणून त्या त्याला गाठायला चक्रपाणीच्या देवळात गेल्या. पुतण्याचं नाव सेतू. पन्नाशीचा, भांड्यांच्या दुकानात वजनाला बसणारा, वाईट माणूस नव्हे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि प्रसादाचं फूल कानामागे अडकवीत सरळ म्हणाला, "अक्का, तुम्ही गेलात, की दुपारी खोलीला बाहेरून कडी घालीन. दुसरं काय करू? पूर्वी घालीतच होतो."

"पूर्वी कधी?"

"महामहात ते तुमच्या घरी पडले ना, त्यानंतर. दार ओरबाडीत बसायचे. नखं गेली. माझ्या कुटुंबाला ते ऐकवेना, म्हणून सोडलं, जातील तिकडे जावोत म्हणून. ते तुमच्याकडे गेले." मग तो थोडा ओशाळून म्हणाला, "तुमचे उपकार आहेत. मी कधी बोललो नाही."

देवळातून परतताना मीनाक्षीबाईंना रस्त्याचं भान नव्हतं. ती नखं त्यांनी पाहिली होती. त्या बोटांवर हळद लावली होती. कुठे पडलात, बाबा, असं विचारलंही होतं, आणि अप्पाजी म्हणाले होते, "दार लागलं होतं गे." त्यांना वाटलं होतं, दार बोटांना लागलं. एवढ्या सरळ वाक्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीचा घेतला होता. भांड्यांच्या दुकानांमधून ठोक्यांचे आवाज येत होते, एकात एक मिसळून, आणि त्या आवाजांत मधूनच कुणीतरी लाकडावर ओरबाडतंय असं त्यांना वाटत राहिलं. घरी आल्यावर त्यांनी पुढचं दार लावून पाहिलं, आतून. मग उघडलं. मग परत लावून, फळीवर तळहात टेकून नुसत्या उभ्या राहिल्या.

स्वामीनाथांची बायको भुवनेश्वरी स्वयंपाकघर बघायला आली ती नाचियार्कोविल्‌चा एक समईचा खांब कापडात गुंडाळून घेऊन. लग्नात आलेली तिथली नामांकित पितळी समई, ती देवघराच्या कमानीत उभी राहते का बघायची होती. विशीतली, सावळी, बोलायला मोकळी. "मामी, चुलीचा धूर कुठे जातो?" "मामी, परसात अळूची पानं होतात का?" मीनाक्षीबाई उत्तरं देत होत्या आणि प्रत्येक उत्तरानंतर ते दुसरं वाक्य जिभेवर येऊन परत जात होतं. मुलगी समई मापून, कमानीत बसते म्हणून खूश होऊन, जायला निघाली. दाराशी पोचली. तेव्हा बोलता बोलता ती म्हणाली, "आडुतुरैला घरात माणसंच माणसं. इथे ते शाळेत गेले, की मी दिवसभर एकटी. सवय व्हायला हवी." मीनाक्षीबाईंनी तिच्या मनगटाला धरलं. कसं सुरू करावं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्या म्हणाल्या, "एकटी नसशील." आणि मग, उभ्या उभ्या, तमिळमध्ये, जे आजवर त्या स्वतःशीही नीट बोलल्या नव्हत्या ते बोलून गेल्या. महामहाचं, हाकेचं, ओ दिल्याचं, सेतूच्या कडीचं. केस विंचरण्याचं तेवढं नाही. तमिळमध्ये ते सांगताना त्यांना वाटलं, आपण दुसऱ्याच कुणा बाईची गोष्ट सांगतोय, जरा खुळचट बाईची.

भुवनेश्वरी गुंडाळलेली समई पोटाशी धरून ऐकत होती. तिनं विचारलं, "मारतात का?"

"छे."

"आणि तुम्ही ओ देता ती काय म्हणून?"

"आले, बाबा. एवढंच. आमच्या भाषेत."

मुलीचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग ती म्हणाली, "आमच्या ह्यांना सांगते," आणि गेली. तिच्या पाठमोऱ्या चालण्यावरून मीनाक्षीबाईंना काही कळलं नाही. आत येऊन त्यांनी यजमानांना सांगितलं, की मी सांगितलं. कृष्णमूर्ती म्हणाले, "बरं." त्यापुढे दोघांमध्ये बोलणं झालं ते जेवायला वाढलंय, पाणी हवंय, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त ज्योतीकडे बघायचे थांबले. स्वामीनाथांकडून निरोप नाही. मग वकिलांकडून कळलं, की स्वामीनाथांच्या आईला पसंत नाही, मेलेल्या पोरीचं नाव सुनेवर यायला नको म्हणतात. त्यात काय चुकलं? मीनाक्षीबाईंना स्वतःलाही तीच धास्ती वाटली होती. वकील ओसरीवरून जाता जाता म्हणाले, "बाई, कायद्यानं एवढं सांगायची गरज नव्हती." त्यावर मीनाक्षीबाई दाराआडून हळूच म्हणाल्या, "कायद्यासाठी नव्हतं." कृष्णमूर्तींनी मान वळवून आवाजाच्या दिशेनं बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी असं बघितलं होतं. पण रात्रीचा भात त्यांनी अर्धाच खाल्ला, आणि ताटातला घास त्यांच्या बोटांना सापडेना तेव्हा मीनाक्षीबाईंना स्वतःच्या जिभेचा राग आला, अप्पाजींचा राग आला, इतका की दुसऱ्या दुपारी त्यांनी हाकेला लगेच ओ दिली नाही. अप्पाजींनी दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या हाकेत त्यांचा आवाज बारीक झाला. मीनाक्षीबाई धावत बाहेर गेल्या.

त्यानंतर एका दुपारी भुवनेश्वरी एकटीच आली. बाहेर ऊन तापलं होतं. ती घामानं भिजली होती आणि ओसरीवर न थांबता सरळ स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून बसली. "सासूबाई नको म्हणतात," ती म्हणाली. "हे म्हणतात तू ठरव, तुला राहायचंय. मी म्हटलं, बघितल्याशिवाय कसं ठरवू? ते कधी येतात, मामी?" मीनाक्षीबाई म्हणाल्या, "आता."  तिला काही सांगावं, शिकवावं, असं त्यांना वाटत होतं. ताक किती पातळ लागतं, आई कुठे गेली विचारलं तर काय म्हणायचं, डोळे मिटल्यावर हलवायचं नाही. पण त्यातलं काही बोलायच्या आत दार सरकल्याचा आवाज झाला, हंड्याजवळ पाणी पडलं, आणि हाक आली. "भवानी, अगे, पंचा आण."

सवयीनं मीनाक्षीबाईंचं तोंड उघडलं. भुवनेश्वरीनं बसल्या जागेवरून त्यांचा पदर धरला. ती उठली, पदर सोडला, आणि मोठ्यानं, शाळेत धडा म्हणावा तशी म्हणाली, "आळे, बाबा."

खुंटीवरचा पंचा तिनंच घेतला. ताकाचं भांडंही घेतलं. मीनाक्षीबाई तिच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या, आणि चौकटीला धरून राहिल्या. पुढे काय होणार ते त्यांना दिसत होतं. ते पोरीच्या तोंडाकडे बघतील, मग भिंतींकडे बघतील. ते व्हायला नको, असं त्या सगळ्या अंगानं म्हणत होत्या, आणि त्याच वेळी, कुठेतरी अगदी आत, व्हावं असंही त्यांना वाटत होतं. अप्पाजींनी या पोरीला ओळखू नये. ही नव्हे, असं म्हणावं. स्वतःचं हे मन त्यांना एवढं स्वच्छ दिसलं, की त्यांनी चौकटीवरची बोटं आवळली. अप्पाजी भुवनेश्वरीकडे बघत राहिले. बराच वेळ. तिच्या कानातल्या लोलकांकडे, घामानं कपाळाला चिकटलेल्या बटांकडे. मग त्यांनी पंचा घेतला, पाय पुसले, आणि ताकाचं भांडं घेताना म्हणाले, "उन्हाची बाहेर गेली होतीस वाटतं." त्या आवाजात काही शंका नव्हती. होती ती रोजची, थोडी रागाची माया. ते ताक प्यायले, वरून धार धरून, अर्धं.

मग त्यांची नजर भुवनेश्वरीच्या खांद्यावरून दाराकडे गेली. चौकटीशी उभ्या बाईला बघून त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, परकं माणूस घरात असलं की करावं तसं. आवाज खाली आणून म्हणाले, "भवानी, ह्या बाई कोण? बैसा म्हणालीस की नाही?"

भुवनेश्वरीला एक अक्षर कळलं नव्हतं. ती मागे वळून तमिळमध्ये म्हणाली, "काय म्हणाले, मामी?"

मीनाक्षीबाईंच्या डोळ्यांसमोर चौकातलं ऊन एकदम पांढरं झालं. अप्पाजी उत्तराची वाट बघत होते, पोरही बघत होती. दोघांचीही तोंडं एकाच कुतूहलानं त्यांच्याकडे वळलेली होती.

"मीठ कमी आहे म्हणतात," मीनाक्षीबाई तमिळमध्ये म्हणाल्या.

"अय्यो, एवढंच ना?" असं म्हणून भुवनेश्वरी भांडं घेऊन आत गेली. स्वयंपाकघरातून एकेक झाकण उचलल्याचा, परत ठेवल्याचा आवाज येऊ लागला. मीठ कुठल्या बरणीत आहे ते मीनाक्षीबाईंनी सांगितलं नाही. ती शोधील. तिला सापडायला हवं. अप्पाजी अजून अदबीनं त्यांच्याकडे बघत होते. मीनाक्षीबाई पुढे आल्या, आणि पहिल्यांदाच कुणाच्या घरी गेलेल्या बाईनं बसावं तशा, चौकाच्या कडेला, अंग चोरून, खाली बसल्या.